पोहोच

प्रिय पोरा,

रविवारी तू चहा अर्धा टाकून गेलास. चूक माझी. तू अदलाबदलीत आलेलं ते खेळाडूचं कार्ड पुढं केलंस, "गंडवलं बे त्यानं मला" म्हणालास, काकाला 'बे' म्हटलं म्हणून जीभही चावलीस. आणि मी कार्डाकडं न बघता विचारलं, "पोहोच दिलीस का त्याला?" तू म्हणालास, "कसली पोहोच?" तिथं माझं डोकं फिरलं. पुढं जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हणून आता लिहितोय. कागदावर मी जरा बरा माणूस असतो.

आधी त्या कार्डाचं बोलू, कारण तुझा जीव त्यात अडकलाय.

कोचीच्या मुलानं तुला फुटबॉलचं क्रोम कार्ड पाठवलं. त्यानं फोटो टाकला तेव्हा ते सपाट होतं. तुझ्याकडं आल्यावर चार दिवसांत त्याला बाक आला. चेहरा पुढं फुगला, कोपरे मागं गेले. तू म्हणतोस, त्यानं दुसरं कार्ड पाठवलं किंवा फोटोत लपवलं. अरे, ते कार्ड कोचीहून सोलापूरला आलंय! तिथं समुद्र, हवेत पाणी. इथं एप्रिल, पारा 40 च्या वर, आणि तू राहतोस पत्र्याच्या खोलीत. क्रोम कार्डाच्या पुढच्या बाजूला चकचकीत थर असतो, मागं कागद असतो. चकचकीत थराला हवेशी देणंघेणं नाही. कागद मात्र ओलावा पितो, सोडतो. ओली हवा लागली की कागद पसरतो, कोपरे चेहऱ्याकडं वळतात. कोरडी लागली की आक्रसतो आणि कार्ड उलट्या बाजूला वाकतं. तुझं तेच झालंय. त्यात कोणी कोणाला गंडवलेलं नाही.

हे मला कार्डांच्या नादानं कळलेलं नाही, सुताच्या पेढीवर कळलं. सुती सुताचं वजन ठरवताना 8.5 टक्के ओलावा धरायची रीत आहे, कारण सूत हवेतलं पाणी पितं. वजनकाट्यावर तेच सूत पावसाळ्यात एक आणि मे महिन्यात दुसरं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही यंत्रमागवाल्याला विचार, उन्हाळ्यात धागा का तुटतो आणि शेडमध्ये पाणी का मारावं लागतं. कागद आणि कापूस सख्खे भाऊ. सोलापुरात जन्मलेल्या पोराला हे सांगावं लागावं, याचं मला जरा वाईटच वाटलं.

उपाय साधा आहे. कार्ड मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घाल, मग कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये, वर दोन जाड पुस्तकं ठेव आणि आठवडाभर हात लावू नकोस. खिडकीपाशी नको, पंख्याखाली नको. इस्त्री तर अजिबात नको. (हसू नकोस, एकानं केलेली मी पाहिलीय.) बराचसा बाक जाईल. सगळा नाही गेला तर नाही गेला. झालं कार्डाचं.

आता पोहोच.

त्याचं पाकीट येऊन अकरा दिवस झाले. तुझं पाकीट त्याला मिळालं तेव्हा तासाभरात त्यानं फोटो टाकला, तू पाठवलेली क्रिकेट अटॅक्स मालिकेतली चारही कार्डं मांडून, खाली आभार. तू मला ते कौतुकानं दाखवलंस. मग त्यानं तुला विचारलं, मिळालं का? तू गप्प. परत विचारलं. तू गप्पच. का, तर तुझा निर्णय होत नव्हता: तक्रार करायची, परत मागायचं की सोडून द्यायचं. निर्णय होत नाही म्हणून माणूस पोहोचच देत नाही, हे मला समजतं. फार चांगलं समजतं. पण पोहोच म्हणजे पसंती नव्हे. हे एक वाक्य डोक्यात ठोकून घे. पोहोच म्हणजे माल आला. बरा आला, वाईट आला, कमी आला, भिजून आला, ते त्याच्या खाली लिहायचं. पण आला, हे आधी आणि त्याच दिवशी.

तू म्हणालास, "ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड दिसतं की त्याला." दिसतं. त्याचा अर्थ एवढाच की एक पाकीट एका दारापर्यंत गेलं. दाराच्या आत काय झालं ते टपालखातं कसं सांगणार? पूर्वी रजिस्टर ए.डी. केलं की पोचपावतीचं कार्ड सही होऊन परत यायचं. 2025 साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. ते कार्ड हातात आलं की पाठवणाऱ्याला काय वाटायचं ते तुला कळणार नाही. नुसती सही असायची, तीही कधी घरातल्या भलत्याच माणसाची. तरी जीव भांड्यात पडायचा.

माझे शेठ पेढीवर बिल्टी, म्हणजे ट्रकबरोबर आलेला मालाचा कागद, हातात धरून सांगायचे: गाठी उतरल्या की आधी मोजा, मग पोहोच लिहा, मग पाणी प्या. दोन गाठी भिजलेल्या असतील तर 'दोन भिजलेल्या' असं बिल्टीवरच लिहा, ड्रायव्हरसमोर. पण पोहोच थांबवायची नाही. माल पसंत नाही म्हणून पोहोच दाबून ठेवणारा व्यापारी बाजारात टिकत नाही, असं ते म्हणत. टिकलेलेही मी पाहिलेत, ते सोड.

शेठकडं मी 1994 साली लागलो. एक वर्ष आधी लागायला हवं होतं.

1993 साली मी एकोणीस वर्षांचा होतो. कार्डं म्हणजे आमच्याकडं काय, तर बिग फन बबलगमबरोबर येणारी क्रिकेटवाल्यांची चित्रं. ती मी चपलेच्या खोक्यात ठेवायचो. एका क्रीडा पाक्षिकाच्या पत्रमैत्रीच्या सदरात धारवाडच्या एका गृहस्थांचा पत्ता मिळाला. निवृत्त शिक्षक. मराठी छान लिहायचे, फक्त 'ळ' कानडी वळणाचा. त्यांच्याकडं विलायती सिगरेटच्या पाकिटातली कार्डं होती. सिगरेटी चेपू नयेत म्हणून पाकिटात पुठ्ठा घालत, त्या पुठ्ठ्यावर पुढं चित्रं छापायला लागले, तिथून हा सगळा खेळ सुरू झाला, हे मला त्यांनीच पत्रातून शिकवलं. त्यांच्याकडं जॉन प्लेयर अँड सन्सचा 1938 चा 50 कार्डांचा क्रिकेटचा संच होता, ब्रॅडमनसकट. त्यातली काही जास्तीची होती. आणि या पासष्टीच्या माणसाला बदल्यात काय हवं होतं, तर माझी बबलगमची चित्रं! त्यांच्याकडं ती नव्हती, आणि दुकानात जाऊन बबलगम मागायची त्यांना लाज वाटायची.

मी बारा चित्रं पाठवली. पाचव्या दिवशी त्यांचं आभाराचं कार्ड आलं. मग जुलैत त्यांचं पाकीट आलं. आत 1938 चं एक कार्ड, आणि त्याच्या पाठीला आधार म्हणून पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर कुठल्याशा मासिकातून कापलेलं पॉली उम्रीगरांचं चित्र डकवलेलं, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: 223, न्यूझीलंडविरुद्ध, हैदराबाद, 1955-56, भारताचं पहिलं कसोटी द्विशतक. आणि शेवटी, "तुमच्या सोलापूरचे म्हणून." उम्रीगरांचं बालपण सोलापुरात गेलं, हे मला सोलापुरात राहून ठाऊक नव्हतं. धारवाडच्या माणसाला ठाऊक होतं.

पण तेव्हा मी ते वाचलंच नाही. मला एवढंच दिसलं की कार्डाची पाठ पुठ्ठ्याच्या पाठीला चिकटलीय. म्हाताऱ्यानं डिंक लावून चिकटवलं, असं मी धरून चाललो. ओढलं. पाठीचा पापुद्रा निघाला, निम्मा मजकूर पुठ्ठ्यावर राहिला. आणि राग कुणावर? त्यांच्यावर.

कितीतरी वर्षांनी कळलं की त्या संचाच्या कार्डांना पाठीमागं कारखान्यातूनच डिंक लावलेला असायचा. जीभ लावायची आणि अल्बममध्ये चिकटवायचं, अशी सोय होती. पंचावन्न वर्षांचा तो डिंक धारवाडच्या पावसात ओला झाला आणि धरला. त्यांनी काहीही चिकटवलं नव्हतं. जसा तुझ्या कोचीच्या पोरानं काही वाकवलेलं नाही.

मी पोहोच दिली नाही.

त्यांची तीन पोस्टकार्डं आली. पहिलं: पाकीट मिळालं असेल. दुसरं: पावसामुळं उशीर होत असेल, मिळाल्यावर कळवा. तिसऱ्यात पाकिटाचा उल्लेखच नाही, फक्त "आपली प्रकृती बरी आहे ना?" तेव्हा पोस्टकार्ड 15 पैशांना मिळायचं. मी खर्च वाचवत होतो असंही नाही. म्हणजे, थोडं होतंही. त्याच सुमारास बाबांची गिरणी बंद पडली होती, घरात सकाळी भोंगा ऐकू न येण्याचीच सवय लागायची होती, आई चादरींना गाठी मारायचं काम घरी आणत होती. अशा घरात एकोणीस वर्षांच्या पोरानं कार्डांच्या गोष्टी लिहीत बसायचं का? हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते खरंच वाटतं. पण त्याच महिन्यात मी दोन सिनेमे पाहिले. तिकिटं अजून त्याच खोक्यात आहेत.

2004 साली हुबळीला लग्नाला गेलो होतो. मध्ये वेळ काढून धारवाडला गेलो, पत्ता शोधला. गेटला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, ते लोक मुलाकडं राहायला गेले. कुठं, ते मी विचारलं नाही. विजापूरमार्गे परतीच्या बसची वेळ झाली होती. झाली होती खरंच.

तेव्हापासून मी पोहोच चुकवलेली नाही. लोक मला त्यावरून हसतात. आमच्या रविवारच्या मंडळींत माझं नावच 'पोचपावती' पडलंय, ते तुला ठाऊक आहे, तूही मागं म्हणतोस. म्हण.

तू मला मागं त्या अमेरिकन बेसबॉलवाल्या मिकी मँटलचं सांगत होतास: त्याचं 1952 चं टॉप्स कंपनीचं कार्ड 2022 साली 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. गेलं. त्याच मालिकेतली न खपलेली खोकी कंपनीच्या माणसानं बोटीत घालून अटलांटिकमध्ये बुडवली, हेही तूच सांगितलंस. छान गोष्ट आहे. तुझ्या पाकिटाशी तिचा काय संबंध? तू अकरा दिवस भाव बघत बसलास, वाकलेल्याचा किती, सरळ असतं तर किती. त्या वेळात पोहोच दहा वेळा गेली असती.

आणि भाव बघायला माझी ना नाही. तक्रार करायलाही नाही. मिळमिळीत राहून कुणाचं भलं होत नाही. उद्या खरंच कुणी कोपरा लपवून पाठवलं तर स्पष्ट लिही. फक्त त्यासाठी पाकीट नीट उघडायला शीक. तू दातानं फाडतोस, मी बघितलंय. अरुंद बाजूनं कात्रीनं काप, आधी हलवून आतलं एका टोकाला सरकव. उघडायच्या आधी एक फोटो, टॉपलोडरमधून काढायच्या आधी एक. सेलोटेप टॉपलोडरच्या तोंडाला थेट लावलेली असेल तर ओढू नकोस, काप. स्वतः पाठवताना टेपेचं टोक दुमडून ठेव, म्हणजे समोरच्याला नख लावावं लागत नाही. बाकी तुला येतं.

पाकीट टाकून देऊ नकोस. पाठवणाऱ्याचं अक्षर असतं त्यावर.

कोचीच्या पोराला आज लिही. उद्या नाही. "मिळालं, उशिरा सांगतोय, माझी चूक." मग हवं तर लिही की इथल्या कोरड्या हवेत बाक आला, दाबून ठेवलंय. तू त्याला दोष देत होतास हे सांगायची गरज नाही. ते तुझं तुझ्यापाशी राहू दे, माझं माझ्यापाशी आहे तसं. आणि तू म्हणालास की पाकिटात एक न ठरलेलं कार्डही होतं, कुठल्याशा केरळच्या खेळाडूचं, "फालतू". त्याबद्दल वेगळं वाक्य लिही. ठरलेलं तर सगळेच पाठवतात. न ठरलेलं टाकताना त्यानं काहीतरी विचार केला असेल. काय, ते विचार त्याला.

रागावून तो कदाचित उत्तरच देणार नाही. मग तेही सहन कर, अकरा दिवस त्यानं केलंय.

रविवारी ये. ते उम्रीगरांचं चित्र दाखवतो. पाठीवर अजून त्या कार्डाचा पापुद्रा आहे, इंग्रजी अक्षरं उलटी दिसतात, आरशात धरली की दोन ओळी वाचता येतात. फक्त हात धुऊन ये. मागच्या वेळी तुझ्या बोटाची शेंगाचटणी माझ्या अल्बमला लागली, आणि तिचं तेल काही निघालेलं नाही.

तुझा,
काका