गवसणीतला तानपुरा

“मी पुन्हा पूर्वीसारखी कधी होणार?” अपघातानंतर, आजारानंतर, कधी निवृत्तीनंतरही माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. विलेपार्ल्याच्या एका गायिकेने तो विचारला, तेव्हा त्यांच्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियेला दोन वर्षे होऊन गेली होती. (त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.)

थायरॉइड ग्रंथीला लगटून जाणाऱ्या नसांपैकी एक नस स्वररज्जूंना ताण देणाऱ्या स्नायूला चालवते. ती दुखावली तर बोलणे जवळपास पूर्ववत राहते, पण उंच स्वर लागत नाहीत. काळी पाचच्या पट्टीत गाणाऱ्या या बाईंना आता त्याहून खालच्या पांढरी चारमध्येही तार सप्तक, म्हणजे वरचे स्वर, जड जात होते. वैद्यकीय उपचार आणि आवाजाचे व्यायाम पुरते झाले आहेत ना, हे मी आधी विचारून घेतले, कारण सुधारणेला वाव असताना ‘आहे ते स्वीकारा’ असे सांगणे हा अन्याय आहे. ते सारे करून झाले होते.

“बोलतेस तर छान की,” असे घरचे म्हणत आणि त्या गप्प बसत. माणूस गेले की चार लोक भेटायला येतात, दहावे-तेरावे होते; गळा गेला तर कोण येणार? समाज ज्याची दखलच घेत नाही अशा दुःखाची मांडणी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली होती, आणि या बाईंचे दुःख नेमके तसेच होते. रोज सकाळी चर्चगेटच्या धीम्या गाडीत त्या स्वतःचेच जुने ध्वनिमुद्रण ऐकत आणि दादर येईपर्यंत त्यांना चेहरा खिडकीकडे वळवावा लागे.

ते ऐकणे बंद करा, असे मी म्हटले नाही. उलट, घेऊन या, आपण दोघी मिळून ऐकू, असे सुचवले. ऐकता ऐकता एका तानेपाशी त्या पुटपुटल्या, “इथे माझा श्वास पुरला नव्हता. कुणाला कळले नाही.” मग मैफलीच्या आदल्या रात्री झोप लागत नसे हेही आठवले, आणि आठवता आठवता त्या मनसोक्त रडल्या. गेलेल्या माणसाचे आपण गुणच तेवढे आठवतो, तसेच गेलेल्या ‘मी’चेही होते, आणि त्या निर्दोष प्रतिमेपुढे आजची बाई रोज हरत राहते.

काही महिन्यांनी त्यांनी तानपुऱ्याची गवसणी, म्हणजे खोळ, काढली. पट्टी उतरवल्यावर तारा सैल पडून नीट बोलेनात, म्हणून जाड तारा बसवून घेतल्या, तारांना गुंजन देणारी घोडीवरची जवारीही नव्याने काढून घेतली. शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, “जुने गाणे फोनमध्ये आहे, पण गाडीत लावत नाही. पहाटे षड्ज लावून बसते. काही दिवस तो माझा वाटतो, काही दिवस नाही वाटत. तरी बसते.”