बदलापुरात घर घ्या, पण आधी एक पावसाळा तिथं काढा

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत १६ हजार भाड्यानं राहणारं जोडपं, चार वर्षांची मुलगी. दोघांचा मिळून पगार ८५ हजार, त्यात ताईंचे शाळेतले २४ हजार. मुदत ठेवीत १३ लाख. बदलापूर पश्चिमेला ४२ लाखांचा टू बीएचके पसंत पडलाय. घ्यावा का?

ताई, आधी आकडे मांडू. कर्ज ३२ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता २७,७७० रुपये. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो. माझी चिंता वेगळी आहे. १० लाख तुमच्या पदरचे, वर मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सामान हलवणं यांत आणखी तीनेक लाख. म्हणजे चावी हातात येईल त्या दिवशी ठेव शून्य. मुलगी आजारी पडली तर काय मोडणार?

दुसरं, तुमची शाळा डोंबिवलीत. बदलापूरहून अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली अशी रोज सकाळी भरलेल्या लोकलमधून जायचं आणि मुलीला कुणाकडे तरी सोडायचं. सहा महिन्यांत दमून नोकरी सोडलीत, तर ६१ हजारांतून २७,७७० जातील. मग तो हप्ता झेपणारा राहत नाही.

बदलापूर वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे गाव २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. मध्यमवर्गाला परवडणारी मोकळी हवा इथंच उरली होती. पण उल्हास नदी पश्चिमेकडूनच वाहते. २००५ चा पूर लोक अजून विसरलेले नाहीत, आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. म्हणून ती इमारत निळ्या आणि लाल पूररेषेच्या (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा) आत येते की बाहेर ते नगरपालिकेत नकाशावर बघा. शेजारच्या जुन्या इमारतीत जिन्याखाली जाऊन मीटरपेटीची भिंत पाहा, पाणी कुठवर आलं होतं ते तिथं दिसतं. वॉचमनला विचारा, तो खरं सांगेल.

बिल्डर कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो दाखवतो आहे. कल्याण-बदलापूर रेल्वेच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचाही दाखला देईल. होतील तेव्हा चांगलंच, पण त्यासाठी आज जादा पैसे मोजू नका.

माझं मत: ४२ लाखांचं हे घर आत्ता नको. तुम्हीच लिहिलंय की तिथं असंच घर ९ हजार भाड्यानं मिळतं. जूनच्या आधी तिथं भाड्यानं जा. भाडं आणि हप्ता यांतला फरक, १८,७७०, दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. वर्षाला सव्वादोन लाख साठतील आणि हप्त्याची तालीमही होईल. आठ महिने न चुकता भरता आले आणि लोकल झेपली, तर घर घ्या. स्टेशनपासून चालत जाता येईल असं, पूररेषेबाहेरचं, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण आणि राहण्याजोगी असल्याचा दाखला) मिळालेलं घ्या. तयार घरावर जीएसटीही लागत नाही. पूर्वेला कात्रपच्या बाजूला वन बीएचकेही बघून ठेवा. खोली एक कमी पडेल, पण बँकेत चार लाख राहतील.

टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावती आणि महारेरा नोंदणी क्रमांक मला पाठवा, परतीच्या अटी बघू.