पणजोबांचं एक मेडल घरात आहे, कागद एकही नाही. ते कुठल्या महायुद्धात होते हे कसं शोधायचं?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलोय. "पेन्शन नव्हती, त्यामुळं घरातले म्हणतात पळूनच आले असतील." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, माझ्या आज्जाबद्दल.

आमचं गाव करवीर तालुक्यात, नदीकाठाला. आज्जा 1940 ला बेळगावला जाऊन भरती झाला, 1946 ला घरी आला. आज्जी सांगायची, नुसता सापळा आलता. लढाईचं कधी एक अक्षर बोलला नाही. 1984 ला गेला तेव्हा शेवटचे तीन-चार दिवस तापात "पाने, पाने" करायचा, मग आज्जी पानाचा डबा उघडून विडा करून तोंडाजवळ न्यायची आणि तो मान फिरवायचा. आम्हाला कुणालाच कळेना काय मागतोय.

1997 ला स्वातंत्र्याची पन्नाशी झाली तेव्हा ग्रामपंचायतीनं गावातल्या जुन्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचं ठरवलं. आमचे आप्पा नाव द्यायला गेले. तिथं भावकीतला एक चुलता चार लोकांसमोर म्हणाला, "पळून आलेल्याचं नाव दगडावर कोरायचं व्हय? पेन्शन कुठं हाय त्याला?" आप्पांकडं कागद नव्हता. घरी आले, जेवले नाहीत. दगडावर नाव लागलं नाही आणि त्यांनी तो विषय परत कधी काढला नाही. 2008 ला गेले.

तर पेन्शनचं आधी ऐका. शिपायाला पेन्शन बसायला 15 वर्षं नोकरी लागायची. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज 25 लाखांच्या घरात गेली होती, युद्ध संपल्यावर त्यातली बहुतेक पोरं ग्रॅच्युइटी हातात देऊन घरी पाठवली. पाच-सहा वर्षांत परत आलेल्याला पेन्शन मिळणारच नव्हती. आणि पळून आलेल्याला डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून रीतसर सोडल्याचं पुस्तक, मिळत नाही, त्यात कॅरॅक्टर 'व्हेरी गुड' लिहून तर अजिबातच नाही.

आज्जाचं बुक सापडलं 2019 च्या महापुरानंतर. वाटणीत जुनी पत्र्याची ट्रंक त्या चुलत्याकडं गेली होती. पाणी उतरल्यावर त्यांच्या सूनबाई अंगणात कागद वाळवत होत्या, सातबारे, खतं, आणि त्यातच हे. मला त्यांनीच बोलवून दिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. निम्मी शाई गेली होती, पण फौजेतला नंबर होता, सेकंड बटालियन फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री होतं, आणि एका ओळीत पी.ओ.डब्ल्यू., म्हणजे युद्धकैदी, 21-6-42.

ती तारीख उत्तर आफ्रिकेतलं, लिबियातलं टोब्रुक पडल्याची. 20 जूनला जर्मन सेनापती रोमेलचा पहिला घाव ह्याच बटालियनच्या मोर्चावर आला होता, दुसऱ्या दिवशी वरच्या जनरलनं शरणागती दिली आणि तीस हजारांवर माणसं कैदेत गेली. शिपायांना कुणी विचारलं नव्हतं. मग जिनिव्हाच्या रेडक्रॉसला अर्ज केला, त्यांच्याकडं युद्धकैद्यांचं दप्तर आहे. ठरावीक दिवसांतच अर्ज घेतात, कोटा भरला की बंद, उत्तराला महिने जातात. पण उत्तर आलं. इटलीतला कॅम्प. इटालियन भाषेत पाने म्हणजे पाव. आज्जा पाव मागत होता आणि आम्ही विडा देत होतो. ते पत्र वाचून मी रात्रभर झोपलो नाही.

आता तुमचं. मेडल नीट बघा. सिंह दोन तोंडाच्या ड्रॅगनवर उभा असेल तर दुसरं महायुद्ध. उघडा घोडेस्वार आणि घोड्याच्या पायाखाली ढाल-कवटी असेल, किंवा पंख असलेली बाई असेल तर पहिलं. सहा टोकांची चांदणी असेल तर त्यावरचं नाव वाचा, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार, त्यावरून कुठं होते ते कळतं. मेडलच्या कडेला भिंग लावून बघा, पहिल्या युद्धाच्या मेडलवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं, दुसऱ्यातल्या आपल्या लोकांच्याही बऱ्याच मेडलवर सापडतं. पॉलिश करू नका, अक्षरं झिजतात.

ऑनलाइन लगेच मिळेल ही आशा सोडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर फक्त मेलेल्यांची नावं आहेत, जिवंत परत आलेला तिथं सापडणार नाही, म्हणून "नावच नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. लाहोरच्या म्युझियममधल्या ज्या रजिस्टरांचं कौतुक होतं ती पंजाबची आहेत, आपल्या कामाची नाहीत. आपल्याला पलटणीचं रेकॉर्ड ऑफिसच, मराठा असतील तर बेळगाव, आणि तिथं नंबराशिवाय गेलात तर रिकाम्या हातानं परत याल. पणजीबाईंना दुसऱ्या महायुद्धाचं मानधन मिळत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फाइल असेल, ते आधी बघा. नाव शोधताना आडनाव धरू नका, तेव्हा नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहायचे, आणि स्पेलिंग कारकुनाच्या मनाचं.

हे मराठा पलटण धरून सांगितलं. महार रेजिमेंट, बॉम्बे सॅपर्स (पूल-रस्ते बांधणारी पलटण), खेचरांची कंपनी अशा ठिकाणीही कोल्हापूरची पोरं होती, त्यांची रेकॉर्ड ऑफिसं वेगळी. संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये असतील तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात चौकशी करा, मोडी वाचणारा सोबत न्या. पहिलं महायुद्ध निघालं तर मेसोपोटेमियाकडं, म्हणजे आजच्या इराककडं बघा, 110 वी मराठा पलटण तिथंच कूतच्या वेढ्यात 29 एप्रिल 1916 ला कैद झाली. त्या काळाचं मी स्वतः शोधलेलं नाही.

आणि स्वतःच्या घरात शोधून थांबू नका, भावकीतल्या ट्रंका बघा, बोलणं बंद असेल तरी जा. मिळेल त्याचा त्याच दिवशी फोटो काढा, पूर परत येतो.

चुलत्यांना मी बुक वाचून दाखवलं, जिनिव्हाचं पत्रही. म्हणाले, "आता काय करायचं त्याचं?" मी म्हटलं, दगडावर कोरायचं. 2021 ला कोरलं, आप्पा बघायला नव्हते.

मेडलच्या कडेचा फोटो टाका, नंबर वाचता आला तर पलटण सांगतो.