अंगठ्याचं काम

चि. यास अनेक आशीर्वाद.

परवा तुला स्पेनमधल्या फ्लामेंको गिटारवादक दिएगो देल गास्तोरची बुलेरिया (बारा मात्रांचा, चढ्या लयीचा फ्लामेंको प्रकार) ऐकायला पाठवली, तर तुझं उत्तर आलं, "सर, हे तर मलाही वाजवता येईल." मी रागावलो नाही. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सूर तुला सापडतीलच. बरेचसे पहिल्या तीन-चार पडद्यांतच आहेत आणि उजव्या हातात बहुतेक काम एकट्या अंगठ्याचं. पण अंगठा तारेवरून उतरून खालच्या तारेवर टेकतो, तेवढ्या क्षणात दिएगो काय करतो ते ऐक. सूर आधी दाबून धरतो, सोडायला किंचित उशीर करतो, आणि तरी बारा मात्रांचा कोंपास, म्हणजे तालाचं आवर्तन, तसूभर हलत नाही. बारा, तीन, सहा, आठ, दहा या मात्रांवर वजन. तू एकतालात वाढलास, म्हणून बारा मोजणं तुला सोपं. पण हे वजन एकतालाचं नाही, ते टाळ्या वाजवूनच अंगात मुरवावं लागेल. शेवटी कोमल रिषभावरून षड्जावर उतरणं तुझ्या कानाला भैरवीमुळे ओळखीचं वाटेल. तिथेही तो घाई करत नाही.

दिएगो १९०८ साली मालागा प्रांतातल्या आर्रियाते गावी जिप्सी घरात जन्मला. खरं नाव दिएगो अमाया फ्लोरेस. 'गास्तोर' हे एल गास्तोर या गावावरून पडलेलं. आयुष्य गेलं सेविल्याजवळच्या मोरोन दे ला फ्रोंतेरामध्ये. माद्रिदला जाऊन नाव कमवावं, रेकॉर्ड काढाव्यात, हे त्याने केलं नाही. गावातल्या बैठकी आणि गाणारी माणसं हीच त्याची दुनिया: मेव्हणा होसेलेरो, म्हातारा हुआन तालेगा, उत्रेराच्या फेर्नांदा आणि बेर्नार्दा या बहिणी.

उतारवयात मात्र दुनियाच त्याच्याकडे आली. साठच्या दशकात डॉन पोरेन या अमेरिकन माणसाने मोरोनजवळ एका शेतवाडीवर फ्लामेंकोवेड्या परदेशी पाहुण्यांची सोय केली, आणि अमेरिकेतली तरुण पोरं गिटार घेऊन दिएगोपाशी येऊन बसू लागली. त्यांनी टेपरेकॉर्डर आणले, म्हणून आज आपल्याला त्याची एवढी गिटार ऐकता येते. त्या टेपांत खरखर आहे, पेल्यांचे आवाज आहेत, मधेच कुणीतरी दाद देतं. ती खरखर साफ केलेली प्रत शोधत बसू नकोस. ती दाद कुठे येते ते बघ. बहुतेक वेळा सुरावर नाही, दोन सुरांमधल्या थांबण्यावर येते.

१९७३ च्या जुलैत तो मोरोनलाच वारला. त्याच वर्षी गिटारवादक पाको दे लुसियाची 'एंत्रे दोस आग्वास' ही रचना आली आणि पुढे फ्लामेंको गिटार जगभर स्वतंत्र वाद्य म्हणून गाजली. पाको थोरच, त्याच्यावरचं तुझं प्रेम मला कळतं. पण त्या झळाळीत दिएगोसारखा माणूस 'गावातला साथीदार' म्हणून बाजूला पडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बरं झालं, पाको देल गास्तोर (हा पाको वेगळा), हुआन देल गास्तोर, दिएगो दे मोरोन, आगुस्तीन रिओस या भाच्यांनी त्याचं वाजवणं पुढे नेलं, नाहीतर ते टेपांतच राहिलं असतं.

आणि साथीदार म्हणजे कमी, हे तुझ्या मनात कुठून आलं? आपल्याकडे चांगल्या पेटीवाल्याला गाणारा मान देतो, तो उगाच नाही. स्पॅनिश टीव्हीच्या 'रितो इ हेओग्राफिया देल कांते' या मालिकेत (१९७१ ते १९७३) दिएगो आहे. ते चित्रण मिळव. फेर्नांदाचा आवाज घोगरा, सूर गाठताना जीव पणाला लावल्यासारखा. सोलेआ (बारा मात्रांचाच, पण संथ, गंभीर प्रकार) गाताना ती एखाद्या शब्दावर अडते, तेव्हा गिटारकडे कान ठेव. तो तिला ढकलत नाही, जागा भरूनही काढत नाही. ती ओळ संपवते, मग तो छोटीशी फाल्सेता, म्हणजे गिटारवरची सुरावट, वाजवतो आणि पुन्हा मागे सरतो.

पुढचे पंधरा दिवस पिकादोचा (दोन बोटांनी आलटून पालटून वाजवायच्या तानांचा) वेग मोजणं बंद. मेट्रोनोमवरचा आकडा मला कळवूही नकोस. रोज एक सोलेआ लाव, गिटार मांडीवर आडवी ठेव, नुसत्या टाळ्या धर, आणि दिएगो कुठे वाजवत नाही त्या मात्रा वहीत लिहून काढ. रविवारी येशील तेव्हा त्याची एकच फाल्सेता आण, फक्त अंगठ्याने वाजवलेली. मी समोर बसून टाळ्या देईन.