उरलेली सिरपं एका बाटलीत ओतली तर चालतील का?

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, घरात सहा माणसं, थंडी पडली की एकामागून एक सगळे खोकतात आणि मेडिकलचं बिल वाढतं. मागच्या वर्षीची अर्धी अर्धी तीन सिरपं उरलीत, ती एकत्र करून वर घरचा काढा घातला तर चालेल का? धाकटी दीड वर्षाची आहे, सासूबाईंना बीपी आहे.

उत्तर : नका हो करू एकत्र! बाटल्या उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचा, एकात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल, ते खोकला दाबतं, दुसऱ्यात अँब्रॉक्सॉल, ते कफ पातळ करून बाहेर काढायला, मग दाबायचं की काढायचं? क्लोरफेनिरामाइन, म्हणजे सर्दी-शिंकांवरचं औषध, तर दोन-दोन बाटल्यांत निघतं, डबल गेलं की माणूस गुंगीतच. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, वर तापाची वेगळी घेतली की किती झालं ते कळतच नाही, आणि मोठ्या माणसालाही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर गेलं तर लिव्हरवर येतं. वर्षभर उघडी राहिलेली सिरपं टाकूनच द्या.

धाकटीला तर मनाने एक थेंबही नको. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात भेसळीच्या सिरपने लेकरं गेली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन होतं, किडनीच निकामी होते त्याने. तेव्हा २ वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका असं केंद्रानेच सांगितलं. तिला रात्री अर्धा चमचा मध द्या, वर्ष उलटलंय म्हणून चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. आणि कापूर नाकाशी धरू नका, लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात.

पैसे वाचवायचे ते मोठ्यांच्या काढ्यात वाचवा ना! आलं ठेचून, तुळस, गवती चहा, चार मिरे, दोन कप पाण्याचं एक कप होईस्तोवर उकळा, गाळा, कोमट झाल्यावर मध घाला. ज्येष्ठमधाची काडी छान लागते पण त्याने बीपी वाढतं, सासूबाईंचा कप आधी बाजूला काढा. मिठाच्या गुळण्यांना तर खर्चच नाही. आणि डॉक्टरांनी गोळी लिहिलीच तर जनऔषधी केंद्रात घटकाचं नाव दाखवून मागा, पुष्कळ स्वस्त पडते.

धाकटीचा श्वास भरभर चालला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या किंवा ती दूध घेईना, तर काढा-बिढा बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. मोठ्यांपैकी कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची ती तपासणी तिथे फुकट होते.