दिव्यांगांच्या राखीव पार्किंगमध्ये भलतेच लोक गाड्या लावतात, काय करावं?

मुलुंडच्या तुमच्या इमारतीत अशा दोन जागा आहेत, पाटीही आहे, तरी खालच्या दुकानांत येणारे ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणत तिथेच गाडी लावतात, असं तुम्ही लिहिलंय. दंडाचा विचार करण्याआधी टेप घेऊन जागा मोजा.

रुंदी ३.६ मीटर हवी आणि प्रवेशद्वार ३० मीटरच्या आत. गाडी साधारण १.८ मीटरची, उरलेली पट्टी दार पूर्ण उघडून व्हीलचेअर लावायला आणि सरकून बसायला असते. ही पट्टी रिकामी दिसली की तिथे हमखास स्कूटर येते. लावणाऱ्याला वाटतं, गाडीची जागा तर सोडली! पण परत आलेल्या माणसाचं दार वीतभरच उघडतं आणि तो आपल्याच गाडीबाहेर ताटकळतो. म्हणून पट्टीवर तिरके पट्टे मारा आणि जमिनीवरच ‘इथे दुचाकीसुद्धा नको’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. साधा ऑइल पेंट पावसाळ्यात टिकत नाही, पेव्हर ब्लॉकवर तर फटींपासूनच उडायला लागतो. डांबरावर थर्मोप्लास्टिक (रस्त्यावरच्या पट्ट्यांसाठी वापरतात तो, वितळवून लावायचा जाड रंग) करून घ्या. काँक्रीट असेल तर आधी प्रायमर. पाटी उंचावर हवी, कारण जमिनीवरची खूण गाडीखाली झाकली जाते.

साखळी किंवा घडीचा खांब लावायचा मोह होतो. एकट्याने गाडी चालवत आलेला दिव्यांग माणूस ते उतरून कसं काढणार? त्यापेक्षा जागा वॉचमनच्या केबिनसमोर घ्या आणि तिथे ट्रॅफिक कोन ठेवा. तो उचलायचं काम वॉचमनचं. ‘साहेब, ही जागा दिव्यांगांची आहे, गाडी तिकडे घ्या’ हे इंजिन बंद व्हायच्या आत सांगायला हवं. एकदा माणूस उतरला की वादावादीच होते. आणि वॉचमनच्या हातात कमिटीचं सहीचं पत्र द्या, नाहीतर सभासदच त्याला दमात घेतात.

व्हीलचेअर दिसली नाही म्हणून कुणाला खोटं ठरवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यातले पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिससारखे मज्जासंस्थेचे आजार नुसतं पाहून दर वेळी कळत नाहीत. उलट काचेवरचा स्टिकर कुणालाही विकत मिळतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र व्यक्तीच्या नावावर असतं, तेव्हा ती व्यक्ती गाडीत आहे का, एवढंच नम्रपणे विचारा.

जॅमर लावू नका, हवाही सोडू नका. गाडी तिथेच अडकते आणि ज्याची जागा त्यालाच मिळत नाही.

आवाराच्या आतला दंड सर्वसाधारण सभेत ठराव करूनच ठरवा. गेटबाहेर रस्त्यावर असेल तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार करा. नंबर प्लेट आणि पाटी एकाच फोटोत येऊ द्या. २०१६ च्याच कायद्याच्या कलम ८९ मधला पहिल्या वेळचा १०,००० रुपयांपर्यंतचा दंड गाडीवाल्यावर बसेल असं पुष्कळांना वाटतं, पण सोय न देणाऱ्या आस्थापनांना चाप लावायला तो जास्त उपयोगी आहे. तशी तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे करता येते.