ताई, मी विमानतळावर खोटं बोलले का?

“पाहुणी म्हणून आले आणि आता इथेच राहायचंय म्हणते. फसवणूकच की ही!” न्यू जर्सीतल्या मराठी सुना हे इतक्यांदा म्हणतात, की एकदा नीट लिहूनच टाकते.

नाशिकची ती, बँकेत नोकरी, नवरा अमेरिकी नागरिक. लग्नाआधीपासून असलेल्या बी-२ (पर्यटक) व्हिसावर सहा आठवड्यांसाठी त्याच्याकडे आली. पाचव्या आठवड्यात दिवस गेल्याचं कळलं, रक्तस्राव झाला आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. आता अमेरिकेतूनच ग्रीन कार्डचा अर्ज करायचा होता. मी समुपदेशक, माझ्याकडे आली तेव्हा तिची झोप उडालेली.

“विमानतळावर अधिकाऱ्याने काय विचारलं होतं?”
“किती दिवस राहणार.”
“तू काय म्हणालीस?”
“सहा आठवडे.”
“आणि मनात किती होते?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “सहाच. ताई, मी मेतकूटसुद्धा सहा आठवडे पुरेल एवढंच आणलं होतं.” आणि रडता रडता हसली.

तीन बैठका आम्ही ‘आता काय होईल’ यावर घालवल्या होत्या. गाठ सुटली ती ‘तेव्हा काय होतं’ या प्रश्नाने. मी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या पंथातली, घडलेली गोष्ट आणि तिचा लावलेला अर्थ यांच्यामधल्या फटीतच माझं काम चालतं. वहीच्या पानावर तिला दोन रकाने आखायला लावले: तारखेनिशी काय घडलं, आणि त्याचा कागद कुठे आहे. परतीचं तिकीट, मंजूर रजेचं पत्र, इमर्जन्सीतली नोंद. वकिलांनी तिचं शपथपत्र त्याच पानावरून तयार केलं. या पानाचा मला अजून अभिमान वाटतो.

कारण कायद्याचा प्रश्नही तोच आहे: प्रवेश करताना हेतू काय होता? नंतर परिस्थिती बदलली, मन बदललं, तर तो गुन्हा नाही. अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर मात्र कायमची बंदी येऊ शकते. मग माफीचा वेगळा अर्ज, आणि तो मिळेलच असं नाही. “९० दिवस थांब, मग अर्ज भर” हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला अर्धवट आहे. तो अमेरिकी परराष्ट्र खात्याचा २०१७ चा नियम. अर्ज तपासणारं यूएससीआयएस हे इमिग्रेशन खातं त्याला बांधील नाही. एक्याण्णवाव्या दिवशी खोटं खरं होत नाही.

नागरिकाच्या जोडीदाराला कायदा बराच सैल आहे. रीतसर तपासणी होऊन प्रवेश झालेला हवा, म्हणून आय-९४ची, म्हणजे प्रवेशाच्या आणि राहण्याच्या मुदतीच्या नोंदीची, प्रत आधी डाउनलोड करून ठेवा. मुदत उलटली किंवा विनापरवाना काम झालं, तरी तेवढ्यावरून हा रस्ता बंद होत नाही. नवरा नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर ही सवलत नाही. आणि अर्ज आत गेला म्हणजे अंगावर कवच चढलं, असंही समजू नका.

आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी भरायचा अर्ज) आणि आय-४८५ (तिचा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र भरता येतात. सोबत नवऱ्याचा आय-८६४, म्हणजे आर्थिक हमीपत्र. त्याचं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं, कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच द्यावा लागतो.

आपल्याकडच्यांचं घोडं हमखास अडतं ते जन्मदाखल्यावर. जुन्या दाखल्यात ‘बाळाचं नाव’ रकाना कोरा! हिचाही तसाच होता. भावाला महापालिकेत धाडून नाव चढवून घेतलं. तसं जमत नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर आणि खाली भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र हवंच.

सगळ्यात अवघड असतं ते नंतरचं थांबणं. कामाच्या परवान्याचा आय-७६५ मंजूर होईपर्यंत काम नाही, आय-१३१ वरचा प्रवास-परवाना हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल नाही. सातव्या महिन्यात तिची आई पडली. “दोन दिवस जाऊन येते” म्हणत तिकीट बघत होती. परवान्याशिवाय बाहेर पडलं की अर्ज सोडून दिला असं धरतात. वर मुदत उलटून १८० दिवसांहून जास्त राहणं झालं असेल तर तीन वर्षं, वर्ष उलटलं असेल तर दहा वर्षं प्रवेशबंदी. मी एवढंच विचारलं, “आईला तू कुठे हवीयेस, पलंगाजवळ की रोज संध्याकाळी फोनवर?” रोज सातचा व्हिडिओ कॉल ठरला.

जे अजून भारतात आहेत आणि ‘व्हिजिटरवर जाऊन तिथे भरू’ म्हणतात, त्यांना माझं स्पष्ट नाही. आय-१३० भरा, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत द्या. वेळ लागेल, पण विमानतळावर काही लपवावं लागणार नाही.

तिचं कार्ड आलं ते दोन वर्षांचं, सशर्त, कारण मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती. अट काढायचा आय-७५१ मुदतीच्या आधीच्या ९० दिवसांत भरायचा असतो. फोनवर मी सांगायला गेले तर म्हणाली, “कालनिर्णयावर गोल केलाय, ताई. शेजारी बाळाच्या लसीची तारीख आहे.”